तंगडीच्या मानापायी बदनाम झालेला ड्रम

मी एक जुना, मांसाला धुरी देणारा लोखंडी ड्रम आहे, आणि मित्रांनो, मी अतिशय संतापलेलो आहे. मला भंगारात काढण्याची धमकी दिली गेली, आणि तीही दुसऱ्याच्या अपराधापायी.

माझा जन्म शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातला. सोमनाथ नावाच्या वेल्डरने तेलाच्या रिकाम्या ड्रमला दार कापले, आत जाळी बसविली, वर धुराडे जोडले. गॅरेजवाले जमालभाई मला घेऊन गेले. माझ्या मंद धुरात कोंबड्या तांबूस झाल्या, सुरमई दरवळली. "ड्रम नाही, हिरा आहे," असे ते सर्वांस सांगत. उन्हाळ्यात मात्र तोच हिरा टायरांमागे गंजत पडे. तेही मी मुकाट्याने सोसले.

या हिवाळ्यात त्यांच्या मुलीची, सुमैय्याची, सोयरीक ठरावयाची होती. मुलाकडील मंडळींस वाळवंटात जेवणाचे आमंत्रण गेले. बेत टर्कीचा ठरला.

"अब्बा, फक्त ब्रेस्ट घ्या," सुमैय्या म्हणाली. "होल बर्डला टाइम लागतो."

"आणि मुलाच्या आईला तंगडी कुठून वाढू? आपल्यात मान तंगडीचा असतो."

"त्यांना विचारलं का, त्यांना काय आवडतं?"

"खलास, आता बोलणं नाही. अख्खीच येणार."

मित्रांनो, मान देण्यास माझा विरोध नव्हता. परंतु दुकानातील ती टर्की दगडासारखी गोठलेली होती. तिला फ्रिजमध्ये सावकाश सैल होऊ देणे सोडून, वाटेत नासेल या भीतीने जमालभाईंनी तिला बर्फाच्या पेटीत पुरले आणि तशीच माझ्या पोटात ठेवली. वर पाहुण्यांस रंग दाखविण्यासाठी माझे दार पुनःपुन्हा उघडले. जमविलेली सारी ऊब वाळूवर सांडत राहिली. मला वाचा असती तर मी त्यांस तेथेच फटकारले असते.

कातडी सुरेख भाजली. तंगडी मोडून मुलाच्या आईच्या, हाफिजाआपांच्या, ताटात पडली. त्यांनी घास उचलला तोच सुमैय्याने त्यांचा हात धरला.

"आंटी, नका खाऊ. हाडाजवळ कच्ची आहे."

हाफिजाआपांनी घास खाली ठेवला. "सोयरीक करायला बोलावलंत, जमालभाई, की दवाखान्यात पाठवायला?"

जमालभाईंनी मला लाथ मारली. "हा ड्रमच नालायक आहे, आपा. उद्याच भंगारात देतो."

"भंगारात नंतर द्या. पुढच्या रविवारी मुलीच्या मनासारखं करा. मग बोलू."

त्या रविवारी सुमैय्याने नीट सैल झालेली ब्रेस्ट माझ्यात ठेवली आणि दारास कोणास हात लावू दिला नाही. हाफिजाआपांनी दोनदा मागून घेतले. "तंगडी मला कधीच आवडली नाही," त्या म्हणाल्या. "पण वाढलेली परत कशी करायची? मुलगी आमची झाली, जमालभाई."

सर्वांनी मिठाई खाल्ली. जमालभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते म्हणाले, "बघा, ड्रम सुधारला."

सुधारला, म्हणे. मी बिघडलोच केव्हा होतो?

मित्रांनो, आपल्या घरातील वस्तू घासा, पुसा, उन्हापावसापासून जपा. ते न जमल्यास निदान आपली चूक त्यांच्या माथी मारू नका. गंज घासल्याने निघतो. बालंट निघत नाही.