विहिरीवरचं गाणं

खर्र... खर्र. सकाळपासून मुक्या असलेल्या घरात खोवणीवर नारळ फिरू लागला आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या मार्थाचे हात थांबले.

बर्था, तिची सासू, नारळ खोवायला बसली की हमखास गुणगुणायची. सासरे गेल्यापासून घरात रेडिओसुद्धा लागला नव्हता. पण हात चालू लागले की गळा आपसूक त्यांच्या मागून निघायचा, गाईमागे वासरू जावं तसा, आणि ते तिचं तिलाही कळायचं नाही.

गाणं लग्नातलं होतं. आदल्या दिवशी नवरीसाठी विहिरीवरून पाणी आणताना त्यांच्या नंदाखाल गावच्या बायका म्हणत ते, जुनं, लांबलचक. आता बँडवाले आले, पहिल्या दोन ओळींपुढे कुणाला काही येत नाही. आगाशीकडच्या एका म्हातारीला पुरतं यायचं, ती गेल्या पावसाळ्यात वारली. उरली एकटी बर्था.

मार्था कॉलेजात इतिहास शिकत होती. शेवटचं वर्ष चालू असताना लग्न ठरलं, मग विनी झाली, आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. घर, वाडी, देऊळ, पुन्हा घर. केळीच्या पानांमधून विरारला जाणारी एसटी दिसायची, तेवढंच तिचं बाहेर जाणं. महिन्यापूर्वी आगाशीच्या बाजारात अचानक चंद्रकांता मॅडम भेटल्या, तिला शिकवायच्या त्याच.

"अगं, राजांच्या लढाया लिहून ठेवायला माणसं असायची," सासूच्या गाण्याचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. "आपल्या पणज्या कुठून आल्या, काय मागे टाकून आल्या, ते कोण लिहिणार? त्यांनी ते गाण्यात ठेवलं. एवढं गाणं मिळव, बोल न् बोल, तिच्याच आवाजात, म्हणजे वर्गात सगळ्यांना ऐकवता येईल. त्यावर तू लिही. तुला परत वर्गात कसं बसवायचं ते मी बघते."

त्या रात्री मार्थाला झोप आली नाही. पण मिळवायचं कसं? सासऱ्यांच्या वर्षाची मिस्सा, देवळात फादर करतात ती प्रार्थना, होईपर्यंत ती थांबली. तिला वाटलं, मिस्सा झाली की दुखवटा सुटला.

"आई, मॅडमना हवंय ते गाणं आता म्हणाल ना?"

"वर्ष तुमचं सरलं. माझं कुठे सरलंय?" बर्थाने सुपातून नजरही उचलली नाही. "विधवेने पाण्याचं गाणं म्हटलं तर नवरीचं वाईट होतं."

"पण इथे नवरी कुठे आहे?"

"गाण्यात आहे ना." आणि सूप पाखडत, "तुझ्या मॅडमला म्हणावं, एवढी पुस्तकं खाल्लीस, अजून भूक आहेच का?"

तेव्हा मार्थाने नवऱ्याला गळ घातली. व्हॅलेरियनने आखातातून नुकत्याच आलेल्या आपल्या मित्राचा, फेबियनचा, टेपरेकॉर्डर आणला. उद्या तो परत द्यायचा होता. मार्थाने तो स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवला, वर टॉवेल टाकला.

आता ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली आणि टॉवेलाखाली हात घालून बटण दाबलं.

बर्था गाऊ लागली. खाडी ओलांडून रातोरात आलेल्या बायकांचं गाणं. एकीच्या डोक्यावर चुलीतला विस्तव, एकीच्या कडेवर मूल, एकीने आपल्या विहिरीचं पाणी कळशीत भरून आणलेलं, कारण नव्या गावाचं पाणी आपलं म्हणेल की नाही, कुणाला ठाऊक. मार्था भांडी पुसत उभी राहिली. तीन वर्षं इतिहास शिकली, पण कळशी घेऊन निघालेली बाई तिला एकाही धड्यात भेटली नव्हती.

नारळ संपला. बर्थाने मान वळवली, सून इथे आहे हे तिला तेव्हा कळलं.

"ऐकलंस?"

"हो."

"कुणापुढे बोलू नकोस हां. तुझ्या सासऱ्यांना बरं वाटणार नाही."

"नाही आई," मार्था म्हणाली.

बर्था केळींना पाणी सोडायला वाडीत गेली. मार्थाने रेकॉर्डर आतल्या खोलीत नेला, दार लोटलं, आवाज अगदी बारीक करून टेप लावली. बोल स्वच्छ आले होते, एकही सुटला नव्हता. पण कडव्या-कडव्यांमध्ये, जिथे तिला नुसती खोवणी ऐकू आली होती, तिथे आता आणखी काही होतं. तोंडात पदर धरून दाबलेला हुंदका. बर्था तिच्याकडे पाठ करून बसली होती. नवरा गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेली बाई गाताना रडत होती. मॅडमच्या वर्गात हे सगळ्यांना ऐकू जाणार. आणि टेप पुसली तर ते गाणं पुन्हा कुठून आणायचं? केळीपल्याडून एसटीचा हॉर्न वाजला. तिचं बोट बटणावर तसंच राहिलं.

दार ढकलून चार वर्षांची विनी आत आली, टेपरेकॉर्डरला कान लावून बसली. बराच वेळ ऐकत राहिली.

"मम्मी, ही आपली आजी?"

"हो."

"तू आजीला विचारून घेतलंस?"