उसना गडी

पडदेवाला शिडीवर चढला तेव्हा त्याचा जीव थाऱ्यावर होता. उतरला तेव्हा नव्हता.

वाचनालयाच्या सभागृहात नवे पडदे लावायचं काम त्याच्याकडे आलं होतं. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून तो दांडी बसवत होता. जीव ओतून काही करायला गेला की त्याची जीभ अशी बाहेर यायची, अगदी लहानपणापासून. समोरच्या भिंतीवर ग्रंथपाल बाई मोठाले फलक टांगत होत्या. मोडीत निघालेल्या रग्बी लीगचा इतिहास! हौशी लोकांची लीग, त्यातही सगळ्यात खालची फळी. वखारीतले हमाल, बेकरीतले भट्टीवाले, टपालवाले, बसचे कंडक्टर. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचा गुडघा कामातून गेलेला, पण रविवार उजाडला की चिखलात लोळायला सगळे हजर. जुने फोटो बघून पडदेवाला गालातल्या गालात हसला. मग त्यानं शेवटचा फलक वाचला आणि हातातला स्क्रू खाली पडला.

तसे स्क्रू त्याच्या हातून रोजच पडायचे म्हणा.

फलकावर लिहिलं होतं, ‘अंतिम सामन्यात वखार संघाने उसन्या दिलेल्या गड्याने ऐन क्षणी चेंडू मुद्दाम सोडला. त्यानंतर लीग टिकली नाही.’

तो उसना गडी म्हणजे हाच.

हे उसनं प्रकरण आधी सांगायला हवं. खालच्या फळीत माणसं कधी पुरायचीच नाहीत. कोणाची कामाची पाळी बदललेली, कोणाच्या बायकोनं बूट लपवलेले. मग रीतच पडली, की ज्यांचा गडी कमी त्यांना समोरच्यांनी आपला एक द्यायचा, आणि दिलेल्या गड्यानं त्या दिवशी आपल्याच लोकांविरुद्ध जीव तोडून खेळायचं. आणि खेळायचेही हो! जिवलग दोस्ताला चिखलात आडवा करायचा आणि संध्याकाळी त्याच्याच सायकलवर डबलसीट घरी जायचं. त्या लीगपाशी दुसरं होतं काय? ना धड मैदान, ना प्रेक्षक. एवढा एक विश्वास होता.

अंतिम सामना होता वखार विरुद्ध बेकरी. बेकरीचा एक गडी आजारी पडला. बेकरीचा कप्तान म्हणजे पडदेवाल्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यानं वखारीकडून यालाच नाव घेऊन मागून घेतलं. “घरचा माणूस आहे,” म्हणाला. हा तेव्हा वखारीत ओंडके उचलायचा, अंगानं दांडगा, अडवायला उभा राहिला की भिंत. शेवटी शेवटी चेंडू याच्याकडे आला. समोर कोणी नाही. रेषा ओलांडली, आता चेंडू जमिनीला टेकवला की बेकरी जिंकली. आणि चेंडू निसटला. साबणाच्या वडीसारखा निसटला, आणि हा रिकाम्या हातांनी चिखलात पालथा.

वखारवाल्यांनी त्याला खांद्यावर घेतला. “शाब्बास रे पठ्ठ्या! शेवटी आपला तो आपला!” तो वरून बोंबलत होता, “अरे, मुद्दाम नाही सोडला!” जितका बोंबलला तितके ते हसले. पुढच्या मोसमात कोणी कोणाला गडी देईना, कोणी घेईना. निम्मे सामने माणसांवाचून रद्द झाले आणि लीग बसली. लीग गेली तर गेली, तिचं एवढं काय घेऊन बसलात? पण भावजींनी त्याला दारातून परत पाठवलं, आणि दाराआड ताई गप्प राहिली. पोरीला गोवर आला होता म्हणून ती सामन्याला आलीच नव्हती. नवऱ्यानं सांगितलं ते तिनं धरून ठेवलं. आज वीस-बावीस वर्षं झाली. एखाद्या लग्नात दिसली तर लांबून दिसायची, आणि दिसली की हा आठ दिवस जेवणावरून अर्धपोटी उठायचा.

शनिवारी त्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि जुना कप्तान म्हणून भाषण भावजींचं. म्हणजे ताई येणार. आता ती हे छापील वाचणार! पडदेवाल्याला कशात म्हणून चैन पडेना. एका दवाखान्यात त्यानं पडदा उलटा टांगला. घरी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिला.

“अहो, बसा की एका जागी,” बायकोनं चहाचा पेला पुढे केला. स्टीलचा. काचेचा कप याच्या हाती द्यायचा नाही ही शिस्त आईनं लावलेली, ताईनं चालवलेली आणि याच्या लग्नात ताईनंच नव्या नवरीच्या कानात घातलेली. पडदेवाला त्या पेल्याकडे बघत राहिला. जिला हे सगळ्यात आधी ठाऊक, तिनंच विश्वास ठेवू नये? त्याला सगळ्यात जास्त हेच लागलं होतं.

शेवटी तो ग्रंथपाल बाईंपुढे जाऊन उभा राहिला. बाई भल्या होत्या, पण कामाला पक्क्या.

“मी दोन्हीकडच्यांना विचारून लिहिलंय हो. एरवी एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, पण याबाबतीत सगळ्यांचं एकमत. तुमच्याकडे काही पुरावा आहे का?”

“चुकून पडलं, याला पुरावा कुठून आणू, बाई?”

“मग शनिवारी सगळ्यांसमोर बोला. मीही ऐकते.”

शनिवारी सभागृह भरलं. केस गेलेले, दात गेलेले, पण बसले दोन्ही संघ दोन बाजूंना. ताई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. भावजी बोलायला उठले तोच पडदेवाला मागून ताडकन उभा राहिला.

“आधी माझं ऐका. शेवटच्या फलकावर लिहिलंय ते खोटं आहे. मी चेंडू मुद्दाम सोडला नाही. निसटला.”

वखारीच्या बाजूला हशा पिकला. “अरे, आता कशाला लाजतोस!” बेकरीकडून कोणीतरी म्हणालं, “म्हातारपणी तरी खरं बोल.” भावजी कागदाची घडी करत राहिले, वर काही बघेनात.

“ताई,” तो म्हणाला. “तू तरी.”

ताई उठली. प्रदर्शनात मांडण्यासाठी आणलेला जुना चेंडू टेबलावर होता, लांबुळका, चामडं तडकलेला. तिनं तो उचलला, दोन्ही हातांनी मागे नेला आणि म्हणाली, “धर!”

चेंडू हवेत असतानाच पडदेवाल्याच्या मनात येऊन गेलं. धरला तर म्हणतील, येतो की लेकाला धरता. सोडला तर म्हणतील, नाटकं करतोय. सुटकाच नाही! मग त्यानं तो सगळा विचार सोडून दिला. आयुष्यात एकदा, फक्त एकदा धरायचाच म्हणून तो पुढे झेपावला. चेंडू तळव्यांना लागला, छातीवर आपटला, कोपरावरून उडाला आणि खुर्च्यांखाली गेला.

“नाटक!” मागून कोणीतरी ओरडलं.

ताईचं चेंडूकडे लक्षच नव्हतं. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. पंचावन्न वर्षांचा तो बाप्या खुर्च्यांमध्ये ओणवा झाला होता आणि त्याची जीभ अजून ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर होती.

ती नवऱ्याकडे वळली. “अहो, त्या दिवशी तुम्ही याच्या बाजूलाच होतात. याचं तोंड दिसलं नव्हतं तुम्हाला?”

भावजींनी कागद खिशात घातला. पुन्हा बाहेर काढला.

“दिसलं होतं,” ते म्हणाले.

त्यांनी कागद टेबलावर ठेवून दिला.

“त्याला मीच मागून घेतला होता. निसटला म्हटलं असतं, तर हरलो ते माझ्यामुळे, असं झालं असतं.”

ताईनं पुढे एक शब्द ऐकून घेतला नाही. खुर्च्या बाजूला सारत ती भावापाशी गेली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं.

“चल, घरी चल,” ती म्हणाली. “चहा टाकते. पेला मात्र स्टीलचाच मिळेल.”