गोरखरावांचा कॉर्डलेस

बेलापुरात गोरखरावांनी कॉर्डलेस फोन आणला आणि घरादाराची झोप उडवली. "हवेतून बोलनं जातं, कुनीबी चोरंल!" म्हणत ते पांघरुणात तोंड खुपसून बोलत. मेकॅनिकला बोलावून दुसऱ्याच्या फोनशी जुळू नये म्हणून हँडसेटचा गुप्त कोडही बदलून घेतला.

एका संध्याकाळी बायको दळण आणायला निघाली. "तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा," एवढं सांगून गेली. गोरखरावांनी फोन उचलला, तर आत शेजारच्या मार्थाबाई त्यांच्या कॉर्डलेसवरून बहिणीला सुनेच्या कागाळ्या सांगत होत्या! चोर नीट पकडावा, म्हणून गोरखराव श्वास रोखून ऐकत बसले. गोष्ट सून रुसून माहेरी निघाली इथवर आली, तेवढ्यात मार्थाबाई थांबल्या.

"भाऊजी, पाच शिट्ट्या झाल्या. आदी कुकर उतरवा, मंग ऐका."