सार्डिन, डोंगरी चहा आणि एक घागर पाणी

मित्रांनो, अख्खा युरोप माझ्या पोटातून जेवला आहे! हे वाक्य मी रोज सकाळी मनातल्या मनात म्हणतो. तेवढ्यात कोपऱ्यातली कोंबडी अंडं घालते आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडते.

मी एक जुना ट्रेलर आहे, पोट थंड ठेवणारा. चाकं गेली, गारव्याचं यंत्र गेलं. आता रोडोपीच्या डोंगरात, वेलिकाबाईंच्या परसात कोंबड्यांचं खुराडं होऊन उभा आहे. पण उमेदीत मी काय काय वाहिलं! ग्रीसचे टोमॅटो, पोलंडची सफरचंदं, हॉलंडची फुलं. एकदा जर्मन औषधं वाहिली, तेव्हा दर तासाला माझा ताप बघत. तशी काळजी पुन्हा कुणी घेतली नाही.

मला ओढणारा ट्रक मेतोदीचा. तो वेलिकाबाईंचा जावई. हात कामाला चांगला, पण काम उद्यावर टाकण्यात त्याहून चांगला. वेलिकाबाई गावातल्या दहा बायकांना घेऊन उन्हाळाभर कड्यांवरचा डोंगरी चहा, म्हणजे उकळून प्यायची एक सुवासिक रानवनस्पती, खुडत, सावलीत वाळवत. त्या वर्षी व्हिएन्नाच्या एका दुकानदारानं प्रथमच एकशे वीस पोती मागवली. माल पसंत पडला तर दर वर्षीचं गिऱ्हाईक. नाही पडला तर निम्म्या बायका स्पेनला स्ट्रॉबेरी वेचायला जाणार, हे सगळं गाव जाणून होतं.

आणि मी? आदल्याच दिवशी ग्रीसच्या कव्हाला बंदरातून सार्डिन मासे आणून रिकामा झालो होतो. मासे उतरले की पोट गरम पाण्यानं धुवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मेतोदी म्हणाला, "उद्या धुतो." उद्या उजाडला तेव्हा बायका पोती घेऊन दारात हजर. गारवा अजून चालू होता आणि थंडीत वास झोपतो. कुणाला काही कळलं नाही.

मेतोदीला आठवलं ते किल्ली फिरवताना. नेमक्या त्याच वेळी वेलिकाबाईंनी चाकांपुढे घागर उपडी केली. प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून आमच्याकडे असं पाणी ओततात. त्यानंतर मागं फिरायचं नसतं.

"आई, जरा थांबतो. ट्रेलरचं एक काम..."

"पाणी ओतल्यावर थांबतात का कुठं, जावईबापू? असंच मागं फिरून तुमच्या धाकट्या मेहुण्याचा पाय मोडला. काय राहिलं ते आल्यावर करा!"

'मासे' एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो बोलला नाही. मला तोंड नाही, पण दार होतं. ते जोरात करकरलं असतं तरी कुणी वळून पाहिलं असतं. मी करकरलो नाही. रस्त्यावर अख्खी घागर सांडली आणि माझ्या पोटात तांब्याभरही पाणी नाही.

चहाला गारवा लागत नाही म्हणून मेतोदीनं वाटेत यंत्र बंद केलं. हंगेरीच्या उन्हात वास जागा झाला आणि एकेका पोत्यात जाऊन बसला.

व्हिएन्नात दुकानदारानं पोत्यात नाक घातलं आणि शांतपणे विचारलं, "हा उकळायचा की तळायचा?"

एकशे वीस पोती परत आली. वेलिकाबाई फाटकात उभ्या.

"सर्बियाच्या हद्दीवर फार रखडवलं, आई. दमट हवा लागली बघा."

त्या माझ्यात चढल्या आणि हुंगून खाली उतरल्या. "सर्बियात समुद्र कधी आला, जावईबापू?"

मेतोदी पायरीवर बसला. "तुम्ही पाणी ओतलंत तेव्हाच आठवलं होतं. बोललो नाही."

"मग बोलायचं होतं! दुसरी घागर ओतली असती. पाण्याला काय तोटा?"

तो चहा शेळ्यांनीही तोंडाला लावला नाही. चार बायका स्पेनला गेल्या. पुढच्या वसंतात मी तिकडून स्ट्रॉबेरी आणली. खोकी हलकी होती; पण ती कुणाच्या हातची असतील, या विचारानं माझ्या चाकांचा आस वाकायचा तेवढा राहिला.

त्यानंतर मेतोदी मला दर फेरीनंतर दोनदा धुवायचा, कुणी न सांगता. वेलिकाबाईंनी दुसरं लहानसं गिऱ्हाईक शोधलं. पण चहाच्या दिवसांत त्या यायच्या, हुंगायच्या आणि माल दुसऱ्याच्या ट्रेलरमधून पाठवायच्या. चौथ्या वर्षी त्यांनी एक पोतं माझ्यात दोन दिवस ठेवलं. मग त्यातला चहा उकळून घोट घेतला. मेतोदी श्वास रोखून उभा. मला तर श्वासाचीच भीती.

"मासा गेलाय," त्या म्हणाल्या. "भरा."

स्पेनहून त्या वर्षी दोघी परतल्या. दोघी नाही परतल्या. म्हणून मित्रांनो, निघण्याआधी आपलं पोट धुतलंय का ते पाहा. आणि उशिरा आठवलं, तरी बोला.

बाकी माझं काही मागणं नाही. कोंबड्यांना हवं ते घाला. फक्त सार्डिनची डोकी तेवढी बाहेर टाका.