दहावा माणूस

आपण नेमके कोण, याचा छडा लावायला फाबियान उरुग्वेहून थेट जेरुसलेमला येऊन राहिला. पहिल्याच संध्याकाळी गल्लीत सासोन नावाच्या म्हाताऱ्याने त्याची बाही धरली.

“ज्यू ना रे तू? चल आमच्या सिनेगॉगमध्ये, आम्ही नऊच आहोत. दहावा पुरुष आल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही.”

फाबियानला भरून आलं. कुणाला तरी आपण हवे आहोत!

तेवढ्यात समोरच्या सिनेगॉगमधून दुसरा म्हातारा धावत आला आणि त्याने दुसरी बाही धरली. “सोड त्याला, सासोन! आमचेही नऊच आहेत. मी खिडकीतून आधी पाहिलंय याला!”

“खिडकीत बसून दुसरं करतोस काय तू?”

ओढाताणीत शर्ट टर्रकन फाटला. दोन्हीकडची मंडळी बाहेर येऊन कचाकचा भांडू लागली.

फाबियान भीत भीत म्हणाला, “आजोबा, तुम्ही सगळे मिळून अठरा झालात की! एकत्रच बसा ना.”

सगळे भांडण सोडून त्याच्याकडे वळले.

“यांच्याबरोबर?” दोघे म्हातारे एका सुरात किंचाळले. मग सासोनने फाबियानच्या पाठीवरून हात फिरवला. “नवीन आहे बिचारा.”

शेवटी त्याला दोन्हीकडे प्रार्थनेला बसावं लागलं. मग रोजच बसावं लागलं.

महिन्याभराने आईचा फोन आला, तेव्हा तो फलाफलच्या दुकानात काउंटरखाली उकिडवा बसला होता.

“काय रे, सापडलास का स्वतःला?”

“हळू बोल गं, आई,” तो कुजबुजला. “मला नाही सापडलो अजून. या म्हाताऱ्यांना मात्र रोज सापडतो.”