एकशे सेहेचाळीस माळा

टप्. मग टप् टप् टप्, आणि शेवटी कपाटाखाली काहीतरी घरंगळत गेल्याचा बारीक आवाज.

बालीगंजच्या आमच्या घरात दुपारी दोन ते साडेतीन एवढीच काय ती शांतता. माझी लेक लीना झोपलेली असते, खालच्या कालिंदीकाकूंचा रेडिओ बंद असतो. अशा वेळी लाल सिमेंटच्या जमिनीवर एक मणी पडला तरी मी आधी लीनाकडे बघते. लीनाने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. मी पालथी पडून कपाटाखालून मणी ओढून काढला. काळा होता. काळा म्हणजे स्वल्पविराम.

हे मणी माझ्या रुखवतातले. लग्नाआधी आईने वर्षभर माझ्याकडून मण्यांचं तोरण करून घेतलं. ते अर्धंच झालं, तसंच रुखवतात मांडलं, आणि उरलेले मणी तिने डब्यांत भरून माझ्या ट्रंकेत घातले. ह्यांच्या बँकेच्या बदलीबरोबर डबे कलकत्त्याला आले आणि पाच वर्षं तसेच राहिले. उघडले ते गेल्या शुक्रवारी. त्याच्या आदल्या दिवशी सान्यालबाबूंनी मला बजावलं होतं, की पुढचा गुरुवार शेवटचा.

सान्यालबाबू आमचे साहेब. हुगळीत गाळ कुठे आणि किती साचतो याचा अभ्यास करणारी आमची लहानशी संस्था. त्या गाळाचं गणित कॉम्प्युटरवर सोडवायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. एकशे सेहेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीचं एक कार्ड, आणि त्यावर अक्षरागणिक भोकं. ती भोकं सुचित्रा पाडते, आमची पंचिंगवाली. कॉम्प्युटर आमचा नाही, दुसऱ्यांचा. दर गुरुवारी अर्धा तास मिळतो. आणि ते यंत्र असं हट्टी, की एखाद्या ओळीत कंस मिटायचा राहिला की तिथेच थांबतं. चूक काय ते सांगत नाही, नुसता एक आकडा छापतं. पुढच्या ओळी बघतसुद्धा नाही. आपण ती चूक सुधारावी, आठवडाभर वाट बघावी, आणि त्याने दहा कार्डं पुढे जाऊन पुन्हा बसकण मारावी.

असे चार गुरुवार गेले होते. चौथ्याला सान्यालबाबू म्हणाले, “मिसेस राजवाडे, प्रोग्रॅम तुम्ही लिहिताय की यंत्र तुमच्याकडून लिहून घेतंय?” सगळे हसले, मीही हसले. मग ते हसू पुसून म्हणाले, की पुढच्या गुरुवारीही असंच झालं तर काम दिल्लीच्या माणसाकडे जाईल आणि मी परत आकडे ताडायच्या टेबलावर. त्या टेबलावरून उठायला मला दोन वर्षं लागली होती. लीना रांगत होती तेव्हा मी तिला मांडीवर थोपटत प्रोग्रॅमिंगचं पुस्तक वाचलंय. परत जायचं नव्हतं मला तिथे.

वाचून चुका सापडत नव्हत्या. छपाईयंत्राची रिबन इतकी झिजलेली, की स्वल्पविराम आणि पूर्णविराम दोन्ही माशीने घाण केल्यासारखे दिसतात. शिवाय आपण लिहिलेलं आपण वाचताना डोळे कागदावरचं वाचतच नाहीत, मनातलं वाचतात. सुचित्राने आणि मी तीनदा मोठ्याने वाचून बघितलं. तिन्ही वेळा सगळं ठीक.

शुक्रवारी लीनाची लोकर शोधायला ट्रंक उघडली आणि ते अर्धं तोरण हाती आलं. आईचं वाक्य आठवलं. नक्षी चुकली की मी पहिल्यापासून मणी मोजायला बसायचे आणि ती टपली मारायची. “मोजू नकोस गं. ओळ शेजारच्या ओळीला लावून बघ. चुकलेली आपोआप ओरडते.”

ट्रंक मी तशीच उघडी टाकली. मग संदेश मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी आणलेली कार्डं काढली.

ठरवलं ते असं. ओळीत कुठलंही नाव आलं, कितीही लांब असो, एक लाल मणी. कुठलीही संख्या, एक पांढरा. बरोबरचं चिन्ह हिरवं, बेरीज-वजाबाकी निळी. स्वल्पविराम काळा, सुटा पूर्णविराम सोनेरी. कंस उघडला की मोठा पिवळा, मिटला की मोठा जांभळा. छापलेल्या कागदाकडे बघायचंच नाही, थेट कार्डाची भोकं वाचायची. एका कार्डाची एक माळ, टोकाला कार्डाच्या नंबराची चिठ्ठी. ओळ काय म्हणते ते विसरून जायचं, नुसती तिची ठेवण बघायची.

ह्यांनी संध्याकाळी डबे बघितले आणि विचारलं, की मंगळसूत्रांचा कारखाना काढायचा विचार आहे का. पण रविवारी न सांगता लीनाला ढाकुरियाच्या तळ्यावर घेऊन गेले आणि मला सलग दोन तास मिळाले. तेवढ्यात चाळीस माळा झाल्या.

माळा मच्छरदाणीच्या दोरीला टांगल्या. एकसारखं काम करणाऱ्या ओळी शेजारीशेजारी. कार्डावरून आकडे वाचून घ्यायच्या अकरा ओळी होत्या. त्या अकरा एका रांगेत लोंबत होत्या, आणि नववीत काळ्याच्या जागी सोनेरी मणी चमकत होता. मी ते कार्ड खिडकीशी धरलं. भोक अगदी वरच्या कडेला पडलं होतं. स्वल्पविरामाचं थोडं खाली हवं. इतके दिवस ते खोक्यात माझ्या उशाशी होतं. मी कार्ड हातात घेऊन खोलीभर एक गिरकी घेतली. लीना घरी नव्हती ते बरं, नाहीतर तिलाही गिरकी हवी झाली असती.

लीनाला मोठे मणी मी जोड्या लावायला दिले होते, म्हणजे तिची लुडबुड कामी येईल. पिवळी नवरी, जांभळा नवरा. प्रत्येक माळेत जितक्या नवऱ्या तितके नवरे, आणि नवरी आधी यायला हवी. सोमवारी ती एक माळ घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, “आई, हिचा नवरा आलाच नाही.” मी हात न पुसताच माळ घेतली. बहात्तराव्या कार्डाचा कंस मिटलेला नव्हता. मंगळवारी तिने अशीच आणखी एक नवरी आणली.

कपाटाखालून तो काळा मणी काढला ती दुपारही मंगळवारचीच, त्या दिवशी मी रजाच टाकली होती. बुधवारी सकाळपर्यंत सगळ्या माळा झाल्या, आणि त्यांतून सहा चुका निघाल्या. यंत्राच्या हिशेबाने सहा गुरुवार. सुचित्राने सहा कार्डं नव्याने पंच केली आणि मला विचारलं, “शैलादी, माझ्या लग्नाच्या माळाही तुम्हीच कराल ना?”

गुरुवारी सान्यालबाबू स्वतः आले. कार्डं एकेक करून यंत्रात जाऊ लागली. मागच्या वेळी अडलेलं बावन्नावं गेलं. बहात्तरावं गेलं. शंभराच्या पुढे मी मोजणं सोडलं आणि सुचित्राचा हात धरला. शेवटचं कार्ड गेलं आणि यंत्र गप्प झालं. चूक झाल्यावरही आकडा छापण्याआधी ते असंच गप्प होतं, म्हणून कोणी कोणाकडे बघेना. मग छपाईयंत्र खडखडलं, आणि फिकट रिबनीतून आकडे येऊ लागले. ओळीमागून ओळ. हुगळीचा गाळ, मैलामैलाचा.

सान्यालबाबूंनी चष्मा काढून पुसला. सुचित्राने त्यांना सगळं सांगून ठेवलं असणार, कारण त्यांनी मला पर्समधली नवरा नसलेली माळ दाखवायला लावली आणि बोटांनी एकेक मणी पुढे सरकवत कितीतरी वेळ बघत राहिले. कागदाच्या पहिल्या पानावर त्यांनी पेनने ‘प्रोग्रॅम’ लिहिलं आणि पुढे माझं पूर्ण नाव. मग म्हणाले, “पुढचा तीनशे कार्डांचा आहे. मणी पुरतील ना?”

मी म्हटलं, आईला पत्र टाकते.

शुक्रवारी सकाळी माळांच्या चिठ्ठ्या कापून टाकल्या. चुकलेल्या सहा पुन्हा बरोबर ओवल्या आणि सगळ्या त्या अर्ध्या तोरणाला जोडल्या. हाती घेतल्यापासून सहा वर्षांनी आईचं तोरण पुरं झालं, जरा विचित्र नक्षीचं. दारावर लावलं तेव्हा लीना खालून टाळ्या वाजवत होती. मी तिला कडेवर उचलून घेतलं आणि ऐटीत सांगितलं, की यातली एकेक माळ म्हणजे आईने लिहिलेलं एकेक वाक्य आहे, आणि लाल मणी म्हणजे कशाचं तरी नाव.

तिने हात लांब करून एक माळ ओढली. लाल, हिरवा, लाल, निळा, पांढरा. अशा चौदा माळा होत्या, हुबेहूब एकीसारखी एक. एकीत पाण्याची खोली होती, एकीत ओढ, कुठल्याशा एकीत गाळ. नंबराच्या चिठ्ठ्या तर मी सकाळीच कापून टाकल्या होत्या.

“आई,” लीनाने लाल मणी चिमटीत धरून विचारलं, “ह्याचं नाव काय होतं?”