शेवटची सोळा पानं

ओळखलंत का मला? नाही ना? मी एक जुनी इंग्रजी कादंबरी बोलतेय, शाळेच्या व्हरांड्यातल्या या टेबलावरून. शेजारी आस मोडलेला पृथ्वीचा गोल आहे आणि समोर पुठ्ठ्यावर लिहिलंय, ‘ज्याला हवं त्याने न्यावं’. गोलाला सकाळपासून तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. माझ्यावरची धूळसुद्धा कुणी फुंकली नाही.

माझा जन्म एका छापखान्यातला. पुस्तक बांधताना मोठाले कागद घड्या घालून शिवतात आणि मग कडा कापतात, तेव्हा पानं सुटी होतात. माझ्या वेळी कापणाऱ्याचा डोळा लागला की पातं बोथट होतं कोण जाणे, पण माझी शेवटची सोळा पानं जोडलेलीच राहिली. फारसं काही बिघडलं नव्हतं. ती पट्टीने दोन मिनिटांत सुटली असती. ज्याला शेवट वाचायचा असेल तो सोडवेल, म्हणून मी निर्धास्त होते.

शाळेत मी आले ती थेट इंग्रजीच्या बाईंच्या हातात. बाई तेव्हा नव्याच लागलेल्या होत्या. मुलांकडे माझी निवडक चार प्रकरणं छापलेली एक पातळ पुस्तिका असायची. अख्खी अशी मी एकटीच, आणि माझी जागा बाईंच्या कपाटात. माझ्यात एका नावाड्याच्या विधवेची गोष्ट आहे. नवरा गेल्यावर ती नाव चालवते, मुलाला वाढवते, शहरात धाडते, आणि मग नदीवर पूल होतो.

बाई वाचायच्या मात्र असं की काय सांगू! पुराचं प्रकरण आलं की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही गप्प व्हायची. एकदा वाचता वाचता बाईंनीच खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं. मी ते पाहिलंय. माझ्या समासात त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात किती काय काय लिहून ठेवलं. त्या माझ्याच आहेत असं मी मानलं आणि तिथेच फसले.

कारण दरवर्षी पूल बांधून होईपर्यंत परीक्षा दाराशी यायची. मग बाई मला मिटायच्या आणि गाइड उघडायच्या. गाइडात शेवट चार ओळींत होता: म्हातारी नाव विकते आणि मुलाकडे सुखाने राहायला जाते. गाइड लिहिणाऱ्यानं बहुतेक लहान मुलांसाठी गोड करून छापलेली एखादी आवृत्ती चाळली असावी. माझ्यात असं काही नाहीच. माझ्यात मुलगा न्यायला येतो, ती त्याला नावेत बसवून पलीकडे सोडते, पण स्वतः नावेतून उतरत नाही. हे मी कुणाला सांगणार? माझं तोंड तर शिवलेलं.

‘शेवटी ती काय करते?’ हा पाच गुणांचा प्रश्न ठरलेला असे. बावीस वर्षं मुलांनी नाव विकली आणि पाचपैकी पाच घेतले.

मग आली टाचणी. अंगानं काडी आणि जिथे तिथे प्रश्न टोचायची सवय, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. तिची मावशी सार्वजनिक ग्रंथालयात कामाला होती. तिथून माझीच एक बहीण, कडा नीट कापलेली, टाचणीनं घरी नेली आणि अथपासून इतिपर्यंत वाचून परत केली. परीक्षेत तिनं खरा शेवट लिहिला. दीड पान भरून, खाडाखोड करत, अगदी मनापासून.

बाईंनी त्यावर लाल शाईनं भोपळा दिला आणि शेरा लिहिला, ‘पुस्तक नीट वाचावे.’

टाचणी कपाटाजवळ येऊन उभी राहिली. ‘बाई, मी पूर्ण वाचलंय. ती उतरतच नाही.’

‘मला शिकवतेस?’ बाई म्हणाल्या. ‘तुझं वय नाही तेवढी वर्षं मी हे शिकवतेय.’

‘तसं नाही बाई. एकदा बघता का?’

‘जा, जागेवर बस.’

बाईंची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. पट्टी टेबलावरच होती.

प्रश्न नुसत्या पाच गुणांचा नव्हता. तेवढ्यानं ती पोर अ तुकडीतून ब तुकडीत घसरणार होती, आणि आमच्या शाळेत ब तुकडीला गोष्टी-कविता शिकवतच नाहीत, फक्त अर्ज आणि पत्रं. ती इंग्रजी शिकवायला नुकत्याच आलेल्या नव्या सरांकडे गेली. ते म्हणाले, ‘बैठकीत काढतो विषय. काळजी करू नकोस.’

पुढच्या वर्षीची पुस्तकं ठरवायच्या त्या बैठकीत माझाही फैसला होता. नव्या सरांना मला हटवून आजच्या काळातली कादंबरी लावायची होती. त्यात शहर होतं, मोबाइल होते, मुलांच्या तोंडची भाषा होती. ‘नावा कुणी पाहिल्यात हो या मुलांनी?’ ते म्हणाले. बाई ताडकन म्हणाल्या, ‘नव्याचे नऊ दिवस, सर. पाया जुन्यानंच पक्का होतो. हे पुस्तक मला तोंडपाठ आहे.’ माझी छाती फुगली. मुख्याध्यापक दोघांकडे आलटून पालटून बघत पेनाचं टोपण चावत होते.

‘बरं आठवलं,’ नवे सर म्हणाले. ‘एका मुलीनं शेवट वेगळा लिहिलाय. मी काही हे वाचलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण तुमची प्रत इथेच आहे. बघून टाकू ना.’

बाईंनी मला उचललं. पानं भराभर उलटली आणि त्यांचा अंगठा जोडलेल्या कडेशी अडला. त्यांनी पुन्हा उलटून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. समोरच्यांना काहीच दिसत नव्हतं, मी त्यांच्या मुठीत होते.

मला वाटलं, आता म्हणतील, ‘चुकलं माझं. पट्टी द्या इकडे.’ खरं सांगते, मी त्याच क्षणी त्यांना माफ केलं असतं.

बाईंनी मला मिटलं. ‘आवृत्ती-आवृत्तीत फरक असतो,’ त्या म्हणाल्या. ‘आणि आता एवढं खोलात कशाला जायचं? सर म्हणतात ते बरोबर आहे. मुलांना याचा कंटाळाच येतो. मलाही आला होता म्हणा. लावू या नवीन.’

मुख्याध्यापकांनी हुश्श केलं. नवे सर इतके खूश झाले की त्यांनी बाईंसाठी स्वतः चहा आणला. त्यांना त्यांची कादंबरी मिळाली आणि बाईंची अब्रू राहिली. टाचणीचा पेपर फायलीत खाली गेला. बाईंनी जे केलं ते केलं, पण शब्द देणारा माणूसही चहा ढवळत राहिला. केसानं गळा कापतात तो असा.

नवी आली. माझं तिच्याशी काही वाकडं नाही, गुणाची आहे बिचारी. कपाट रिकामं होईपर्यंत आम्ही शेजारीच होतो. तिच्याही पहिल्या साठ पानांत बाईंची पेन्सिल होती, आणि पुढे गाइडाची चिठ्ठी. वाद जुन्या-नव्याचा आहे असं मी उगाच समजत होते.

दुपारी मधल्या सुट्टीत टाचणी मैत्रिणीबरोबर इथे आली. तिच्या वहीवर ‘ब’ लिहिलेलं होतं. मैत्रिणीनं मला उचललं. ‘अगं, ही तुझी नाववाली ना? किती आवडली होती तुला. घे की.’

टाचणीनं माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. ‘वाचून काय करू? विचारतात ते यात नसतं,’ ती म्हणाली. टेबलाच्या टोकाला अर्ज आणि पत्रलेखनाचं जुनं गाइड पडलं होतं, ते तिनं दप्तरात टाकलं आणि दोघी पळाल्या.

मला तेव्हा जेवढं लागलं तेवढं बैठकीतही लागलं नव्हतं.

उद्या रद्दीवाला येणार आहे. माझं काय व्हायचं ते होवो, दिवस भरले माझे. पण तुम्ही या शाळेत शिकवत असाल, किंवा तुमचं मूल इथे येत असेल, तर माझं एवढं ऐका. इंग्रजीच्या फायलीत, सगळ्यात खाली, दीड पानी उत्तर आहे. ते काढा, वाचा, आणि त्या पोरीला बोलावून सांगा की तिचं बरोबर होतं.